आजचं खोटं

हुशार मूल कसं ओळखायचं, याची आमच्या शाळेत फार सोपी रीत होती. बटणं मोजायची. पाचच्या पाच जागेवर असली की मूल हुशार, तीन असली की मध्यम, आणि बाभळीचा काटा टोचून सदरा बंद केलेला असला की ढ. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण हेडमास्तर वर्गात शिरले की त्यांची नजर पहिल्यांदा तिथंच जायची, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्याभरात मीही ती नजर उचलली होती.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण परवाचं आहे. नगरला आमच्या कॉलनीजवळच्या शाळेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता. निवृत्त शिक्षिका म्हणून मला स्टेजवर बसवलं होतं. मागं भलामोठा फ्लेक्स, त्यावर आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांच्या पोरांचे फोटो, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे. शेजारी बसलेले संस्थाचालक मोठ्या अभिमानानं मला म्हणाले, "बाई, हुशार मुलं आम्ही बालवाडीतच हेरतो." मी विचारलं, "कशी हो?" तर म्हणाले, "इंटरव्ह्यू घेतो ना. आईवडिलांचा."

आईवडिलांचा! डोंबलाचं हेरणं! माझ्या मांडीवर ती शाल आणि नारळ होता. दोन्ही तिथंच खुर्चीवर ठेवलं आणि मी उठून घरी आले. सून म्हणाली, "आई, या वयात असं बरं दिसतं का?" तिला काय सांगणार? मला त्या स्टेजवर एकाएकी माझ्या पहिल्या शाळेतले गुरुजी आठवले होते. ते असते तर नुसते उठून आले नसते, टोपी काढून फ्लेक्सवर फेकली असती.

टोपी फेकणं ही त्यांची खूणच होती. उंच, काटकुळे, पन्नाशीचे गृहस्थ. मिरजगावकडचे. धोतरावर काळा कोट, बारा महिने, तेरा काळ. वैशाखात आम्ही पदरानं वारा घेत असायचो तेव्हाही हे कोटात. राग आला की डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटायची, एकदा तिला वळसा घालायचा, मग उचलून, झटकून परत डोक्यावर. पोरांवर हात उचललेला मी कधी पाहिला नाही. सगळा मार त्या टोपीनं खाल्ला.

कोटाच्या उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे. ते कशासाठी, हे सांगितल्याशिवाय गुरुजी कळायचे नाहीत.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. पाथर्डी तालुक्यातलं डोंगराच्या कडेचं गाव, दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, आणि आम्ही तिघं. पहिली-दुसरी हेडमास्तरांकडे, तिसरी गुरुजींकडे, चौथी माझ्याकडे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मध्ये एकच फळा. मी एकवीस वर्षांची, नुकती डी. एड. झालेली, नोकरीत अजून कायम न झालेली. गुरुजी मला 'नव्या बाई' म्हणायचे. वर्ष उलटलं तरी नव्या बाईच.

पहिल्याच दिवशी प्रार्थना झाल्यावर ते फळ्यासमोर उभे राहिले आणि दोन्ही वर्गांना म्हणाले, "पोरांनो, आज मी एक खोटं बोलनार हाय. कवा बोलीन ते सांगनार न्हाई. पकडा."

मला वाटलं, माणूस वेडा आहे. पण खोलीतली साठ पोरं सावध झाली ती दिवसभर सावधच. गुरुजी शिकवत जायचे, फळ्यावर लिहीत जायचे, आणि मध्येच कुठंतरी, चेहऱ्यावरची माशी न हलवता, एक चुकीची गोष्ट सांगून टाकायचे. ज्याला सापडेल त्यानं "सापडलं!" म्हणून ओरडायचं. नुसतं ओरडून भागायचं नाही. गुरुजी विचारायचे, "का?" त्या 'का'चं उत्तर बरोबर आलं की त्या पोराच्या हातात डस्टर द्यायचे. त्यानं ऐटीत जाऊन ते खोटं पुसायचं आणि मग गुरुजींपुढं तळहात करायचा. मूठभर शेंगदाणे. 'का'चं उत्तर आलं नाही, तर गुरुजी त्यातला एक दाणा काढून त्या पोरासमोर स्वतः खायचे, सावकाश चावून.

"पाठ करतंय त्यो पोपट," ते म्हणायचे. "पकडतंय ते पोरगं."

आणि दुसरं एक वाक्य, हे हेडमास्तरांना ऐकू जाईल अशा बेतानं: "मेंदूला बटनं नसत्यात."

हेडमास्तर वाईट होते असं नाही. त्यांची शेती होती, विहिरीवर मोट होती, आणि पहिलीच्या वर्गापेक्षा तिथं त्यांचा जीव जास्त रमायचा. त्यांनी चौथीतला एक मुलगा हुशार ठरवला होता. गावातल्या दुकानदाराचा. पाचही बटणं, तेल लावून भांग, तिसापर्यंतचे पाढे धडधड. गुणी पोरगा होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हुशार ठरल्यावर त्याला आम्ही काय दिलं? पहिलीचा वर्ग दिला! हेडमास्तर शेतावर गेले की दहा वर्षांचा तो पोरगा पहिलीच्या चाळीस पोरांपुढं छडी घेऊन उभा. हेडमास्तरांचा माठ भरायचा त्यानं, फळे पुसायचे त्यानं, साहेब आले की स्वागतगीत म्हणायचं त्यानं. शिकायचं कधी, ते कुणी विचारू नये. आमच्याकडे हुशारीची शिक्षा अशी असायची, आणि पोराचा बाप त्यावर खूश असायचा.

एकदा गुरुजींनी त्या पोराच्या हातातली छडी काढून घेतली, त्याला उचलून आमच्या खोलीत आणून बसवलं, आणि तसेच तरातरा शेतावर गेले. मोटेवर उभ्या हेडमास्तरांना बांधावरून ओरडून म्हणाले, "मास्तर, त्यो शिकाया येतो का शिकवाया? शिकवाया येत असंल तर सही त्याची घ्या मस्टरवर!" सगळ्या शिवारानं ऐकलं. हेडमास्तर ते कधी विसरले नाहीत, आणि विसरणार तरी कसे.

गुरुजींचं हे असंच असायचं. बोलायचं ते खरं, पण कुठं बोलावं याचा पोच नाही. माझा डबा न विचारता उघडून त्यातली चटणी खायचे आणि वर सांगायचे, "नव्या बाई, लसूण कमी पडला." आदल्या वर्षीच्या तपासणीत साहेबांनी शेरेबुकात लिहिलं होतं, 'मुलांची प्रगती समाधानकारक.' ह्यांनी त्याच्याखाली आपल्या ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं: 'साहेब आले त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. प्रगती कोणाची पाहिली?' ते शेरेबुक अजून कुठल्या तरी कपाटात असेल.

आता कौसाचं सांगते.

कौसल्या तिचं नाव, पण सगळे कौसाच म्हणायचे. चौथीत होती, म्हणजे माझ्या वर्गात. वस्तीवरून दीड मैल चालत यायची. पोलक्याला गळ्याशी बाभळीचा काटा. बसायची सगळ्यात मागं, दाराजवळ. तिच्या घरचे सगळे कोयत्याला जायचे, दिवाळीच्या तोंडावर ऊस तोडायला राहुरीकडं, ते थेट उन्हाळ्यात परत. त्यामुळं शाळेत ती वर्षातून निम्मीच. हजेरीपटावर तिच्या नावापुढं गैरहजेरीच्या फुल्यांची रांग. मी तिच्याकडं कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. काटा पाहिला होता.

तिच्याकडं पुस्तक नव्हतं. समोर बसलेली मुलगी पुस्तक उघडून हिच्याकडं तोंड करून बसायची आणि ही पलीकडून वाचायची. उलटं. एकदा मी तिला सरळ पुस्तक दिलं तर तिनं ते फिरवून उलटं धरलं आणि घडाघडा वाचलं. वर्ग हसला, मीही हसले. गुरुजी तिसरीची गणितं देत होते, ते थांबले. जवळ आले, पुस्तक सुलटं केलं. तेही वाचलं. परत उलटं केलं. ते वाचलं. टोपी काढून त्यांनी हातात धरली, आपटली नाही, नुसती धरून ठेवली. त्या दिवसापासून त्यांचं लक्ष दाराकडं लागलं.

पुढच्या आठवड्यातलं खोटं असं होतं. भूगोल चालला होता. गुरुजी म्हणाले, "सकाळच्या एसटीनं आपन पाथर्डीहून नगरला निघालो. समोरून ऊन डोळ्यांवर येतंय, म्हनून ड्रायव्हरनं कपाळावर हात धरलाय." आणि पुढं नगरच्या किल्ल्याचं सांगू लागले. दुकानदाराचा मुलगा नगरला चार वेळा जाऊन आला होता, तो मान डोलवत होता. मीसुद्धा नगरचीच, मीही मान डोलवत होते.

मागून आवाज आला, "सापडलं."

"का?"

"नगर मावळतीला हाय," कौसा म्हणाली. "सकाळी ऊन पाठीवर यायला पायजे."

"तू गेल्तीस व्हय नगरला?"

"न्हाई. पन कारखान्याला जाताना ट्रक त्याच अंगाला जातो. आमी मागं बसतो, कोयत्यांपाशी. दिस आमच्या तोंडावर उगवतो, म्हंजी ड्रायव्हरच्या पाठीवर."

गुरुजींनी डस्टर दिलं. पुसायला फळ्यावर काही नव्हतंच, तरी तिनं जाऊन कोरा फळा पुसला आणि तळहात पुढं केला. गुरुजींनी दोन्ही खिसे रिकामे केले. संध्याकाळी मला म्हणाले, "नव्या बाई, पंचवीस वर्सं खोटं बोलतोय. अशी पोरगी न्हाई भेटली."

त्याच वर्षी सरकारचं पत्रक आलं. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निवासी शाळा, राहणं-खाणं-पुस्तकं फुकट, पार मॅट्रिकपर्यंत. चौथीच्या मुलांची पाथर्डीला परीक्षा. पण परीक्षेला कोण बसणार? प्रत्येक शाळेनं दोन नावं सुचवायची. आणि त्यासाठी चौथीच्या प्रत्येक मुलाचा तक्ता भरून पाठवायचा, समोर वर्गशिक्षकाचा शेरा, खाली सही. म्हणजे माझी.

म्हणजे बघा, परीक्षा कोण हुशार हे शोधायला, आणि परीक्षेला बसायला आधी हुशार ठरलेलं असायला हवं! ठरवणार आम्ही, बटणं मोजणारे. हे पत्रक ज्या शहाण्यानं काढलं त्याला एकदा आमच्या शाळेत मागच्या रांगेत बसवायला हवं होतं. हेडमास्तरांनी पत्रक वाचून व्हायच्या आत नावं सांगितली: दुकानदाराचा मुलगा आणि पोलीस पाटलाचा पुतण्या. तपासणीला साहेब येतील तेव्हा तेच वर्ग बघून मान्यता देतील.

गुरुजींनी टोपी आपटली. तीन वेळा.

मग त्यांनी कौसाच्या वडिलांना बोलावून घेतलं. तो माणूस दारात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "गुर्जी, साळंनं नाव लावलं तर ठिवतो तिला म्हातारीपाशी. पन न्हाई लागलं तर न्यावंच लागंल. धाकटं आठ म्हैन्याचं हाय. आमी दोघंबी फडात, त्याला कोन बघील?"

"लागंल नाव," गुरुजी म्हणाले. "मी सांगतो ना."

त्यांनी असं सांगायला नको होतं. कुणाच्या जिवावर सांगितलं? नाव लावणं त्यांच्या हातात नव्हतंच. मला त्यांचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. चांगल्या माणसांचा हाच दोष, त्यांना वाटतं खरं आहे म्हणजे होणारच.

तपासणीचा दिवस आला. शाळा सारवली, तोरण लावलं. बिनबटणांची पोरं मागं, बटणांची पुढं. स्वागतगीत झालं. मी हात जोडून गुरुजींना म्हटलं होतं, "आज तेवढं खोटं नको हं." ते म्हणाले, "मी न्हाई बोलनार. वचन." आणि वचन त्यांनी पाळलं. पण पोरांना सांगायचं राहिलं की आज तो खेळ बंद आहे. ते त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. सकाळी प्रार्थनेनंतर गुरुजी काही बोलले नाहीत, तर पोरांना वाटलं, आज नवीन माणूस आणलाय, आज खोटं हे बोलणार.

साहेब खुशीत होते. खिडकीतून बाहेर रस्त्याच्या कडेची कडुलिंबाची झाडं दिसत होती. ती पाहून त्यांनी तोंडी गणित घातलं. "रस्त्यानं ओळीत दहा झाडं आहेत. दोन झाडांमध्ये दहा पावलं अंतर. तर पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत किती पावलं?"

दुकानदाराचा मुलगा ताडकन उभा राहिला. "शंभर!"

"शाब्बास!" साहेब म्हणाले, आणि खडूनं फळ्यावर मोठ्ठे शंभर लिहिले. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहून मान हलवली.

"सापडलं! सापडलं!"

कौसा दारापासून धावत आली. पोरांच्या मांड्या तुडवत, रांगा ओलांडत. कुणी अडवायच्या आत तिनं डस्टर उचललं आणि साहेबांनी लिहिलेले शंभर पुसून टाकले. मग साहेबांपुढं उभी राहून तिनं हात पुढं केला, पाचही बोटं फाकवून.

"धा झाडं, पन मधल्या जागा नऊच," ती म्हणाली. "ही बोटं बघा की. बोटं पाच, फटी चारच. मंग नव्वद हुत्यात."

साहेब त्या हाताकडं बघत राहिले. तिनं बोटं मिटली, तळहात पसरला आणि तसाच धरून ठेवला. शेंगदाण्यांसाठी! साहेबांना काय कळणार? त्यांना वाटलं पोरगी भीक मागतेय, की थट्टा करतेय.

हेडमास्तर घामाघूम. त्या वेळी गुरुजींनी एक शब्द बोलायचा, "साहेब मुद्दाम परीक्षा घेत होते, पोरी," असं काहीतरी म्हणायचं, साहेब हसले असते आणि सगळं निभावलं असतं. पण नाही. गुरुजी पुढं झाले, उजव्या खिशात हात घातला आणि साहेबांच्या देखत कौसाच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले.

"बरोबर," ते म्हणाले. "नव्वद."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले, चहा प्याले, पेढा खाल्ला. जाताना हेडमास्तरांच्या खोलीत मला बोलावून शांतपणे म्हणाले, "ती मागची मुलगी. उद्धट आहे. वळण नाही. हुशारी म्हणजे शिस्त, बाई, हे तुम्हाला डी. एड.ला शिकवलं असेलच." मी "हो" म्हटलं. असं कुणी कुठंच शिकवलं नव्हतं. "तुम्ही अजून कायम नाही ना?" मी म्हटलं, "नाही साहेब." ते म्हणाले, "होऊन जाल."

गणित चुकलं कुणाचं? साहेबांचं. पाहिलं कुणी? साठ पोरांनी आणि तीन मास्तरांनी. शिक्षा कुणाला? नव्वद म्हणणारीला. पन्नास वर्षं झाली, मला अजून हे गणित सुटत नाही, आणि ज्यांना ते सोपं वाटतं त्यांचा मला मनापासून संताप येतो.

पुढचं चटकन सांगून टाकते. गुरुजींची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. ट्रंक एसटीच्या टपावर टाकून गेले. तिथंही त्यांनी रोज एक खोटं चालू ठेवलं असं कुणीतरी सांगत होतं. निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथंच वारले, हे मला दोन वर्षांनी कळलं. आमच्या शाळेतली ती दोन मुलं पाथर्डीला परीक्षेला बसली आणि दोघंही निवड न होता परत आली. दुकानदाराचा मुलगा पुढं दुकानावरच बसला, चांगला माणूस झाला. मी कायम झाले. कौसाचं काय झालं, हे मला ठाऊक नाही. अर्धी राहिलेली चौथी पुरी करायला पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही, आणि चौकशीला वस्तीवर जायचं धाडस मला झालं नाही. दीड मैलांवर होती वस्ती.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचाय तो दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार.

सकाळची शाळा सुटली होती. तक्ता दुपारी तीनच्या एसटीनं पाथर्डीला जायचा होता, हेडमास्तर स्वतः नेणार होते. गुरुजी पोरांना रस्त्यापर्यंत सोडून जेवायला गेले होते. हेडमास्तर माझ्या टेबलाशी उभे राहून एकेका नावापुढचा शेरा सांगत होते आणि मी लिहीत होते. दुकानदाराचा मुलगा: 'नियमित. आकलन उत्तम. शिफारस.' असं करत कौसाचं नाव आलं. ते म्हणाले, "लिहा. अनियमित. आकलन सामान्य. शिफारस नाही."

मी पेन थांबवलं. ते म्हणाले, "बाई, साहेबांचा शब्द आहे. तुम्ही अजून लहान आहात, नोकरी लांबची आहे." मी लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. खाली सही केली. ते एसटी गाठायला टांगा बघतो म्हणून, म्हणजे खरं तर कपडे बदलायला घरी गेले.

शाई वाळवत बसले होते तेवढ्यात कौसा आली. ट्रक वस्तीवर आला होता, भांडीकुंडी चढत होती, नाव लागल्याचं काही कळलं नव्हतं म्हणून ती पळत निरोप घ्यायला आली होती. कडेवर आठ महिन्यांचं ते धाकटं. टेबलाच्या पलीकडं उभी राहिली. मी तक्त्यावर हात ठेवला, पण सगळ्यावर कुठं हात पुरतो? आणि तिला कागद सुलटा लागतच नव्हता.

"बाई, आकलन म्हंजी काय?"

"समजणं," मी म्हटलं.

"आन् सामान्य?"

"सगळ्यांसारखं. सगळ्यांना असतं तेवढं."

तिनं परत वाचलं. ओठ हलत होते. मागं दारात गुरुजी येऊन उभे होते, ते मला दिसत होते, तिला नाही.

"अनियमित हे खरं हाय," ती विचार करून म्हणाली. "आमी कोयत्याला जातो ना. पन दुसरं खोटं हाय." आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. "बाई! आजचं खोटं तुमी लिवलं व्हय? सापडलं!"

गुरुजींनी दारातूनच विचारलं, "का?"

त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. ती वळली, आणि वर्गात सांगायची तसं ताठ उभं राहून सांगितलं, "झाडांचं गनित मला एकटीला आलं. सगळ्यांवानी असतं तर सगळ्यांना आलं असतं."

गुरुजी आत आले. खिशातून मूठ काढून तिच्या हातावर शेंगदाणे ठेवले. धाकट्यानं एक उचलायला हात घातला, तिनं तो दाणा त्याच्या मुठीतून सोडवला आणि सगळे परकराच्या ओच्यात बांधले. मग तिनं फळ्याखालचं डस्टर घेतलं आणि टेबलाशी येऊन उभी राहिली.

"पुसू?"

गुरुजी म्हणाले, "डस्टरनं जायचं न्हाई ते, पोरी. शाई हाय. ज्यानं लिवलंय त्यानंच खोडायचं असतं."

आणि माझ्याकडं पाहिलं. टोपी डोक्यावर होती. तिला त्यांनी हातही लावला नाही. मी वाट बघत होते की ते ती आपटतील, ओरडतील, म्हणजे मलाही रडता येईल, भांडता येईल. ते नुसते उभे होते. पेन माझ्या हाताशी होतं, टोपण उघडंच. एक रेघ मारायची, वर दोन शब्द लिहायचे, शेजारी सही करायची. घड्याळात दोन वाजले होते. एक तास होता.

दोघंही थांबले होते. ती डस्टर घेऊन, ते हात मागं बांधून. पकडलेलं खोटं पुसलं जातं, हे तिनं त्याच खोलीत रोज पाहिलं होतं. तिला शंकाच नव्हती.

बाहेर हेडमास्तरांचा खाकरण्याचा आवाज आला.

"कौसा," मी म्हटलं, "ट्रक सुटेल तुझा. जा."

तिनं गुरुजींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. डस्टर फळ्याखाली जिथल्या तिथं ठेवलं. धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. गुरुजी खिडकीशी जाऊन तिला रस्त्यानं जाताना बघत राहिले, लिंबाच्या पहिल्या झाडापासून दहाव्या झाडापर्यंत. मग म्हणाले, "येतो, बाई."

नव्या बाई म्हणाले नाहीत. त्यानंतर कधीच म्हणाले नाहीत.

तीनच्या एसटीनं तक्ता पाथर्डीला गेला. त्यावर सही माझी आहे.